शाळेच्या भिंतीवरचा दुवान

मेदेयीन शहराच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीने शाळेची भिंत रंगवायला घेतली तेव्हा नियम एकच ठरला: ज्याने जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तेच त्याने काढायचं. पहिला नळ निघाला, पावसात वाहून गेलेला जिना निघाला, रेमेदियोसची कोंबडीही निघाली.

“कोंबडी घरापेक्षा मोठी झाली की गं,” कोणीतरी म्हणालं.

“अंडी फुकट नेताना बरी लहान वाटायची,” रेमेदियोस म्हणाली.

ओतिलियाबाईला भिंतीवर तिचा मुलगा हवा होता. बेकरीत कामाला निघालेल्या दुवानला बंदूकवाल्यांनी वाटेतून उचललं, त्यानंतर त्याचा पत्ता लागला नव्हता. शेजारचा अनिबाल तिच्यासोबत पोलीसचौक्या आणि शवागारं हिंडला होता. म्हणून दुवानचा चेहरा त्यानेच काढावा, असं तिने सांगितलं.

अनिबालने मन लावून काढला. डोळे तेच, भुवईवरचा व्रण तोच, गालांवर काळी दाट दाढी.

ओतिलिया ओल्या रंगाकडे बराच वेळ पाहत राहिली.

“छान काढलात, अनिबालभाऊ. अगदी त्याच्या बापासारखा दिसतोय.”

“डोळ्यांसमोरून हलतच नाही तो,” अनिबाल ब्रश पुसत म्हणाला.

“बेकरीच्या मालकाला दाढी चालायची नाही. दुवानने कधी वाढवलीच नाही. त्या सकाळीसुद्धा तो गुळगुळीत दाढी करूनच घरातून निघाला होता.”

अनिबालचा हात थांबला.



“एवढी वाढायला महिना तरी जातो, भाऊ. कुठे ठेवलं होतं त्याला?”