रुखवतातला वाकडा रुमाल

रमानं तो रुमाल पुन्हा लाडवांच्या मनोऱ्यामागे ढकलला. सईनं तो पुन्हा ओढून काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"अगं, वाकडा आहे तो," रमा कुजबुजली. "वरमाई येतील आता रुखवत बघायला. नाक कापलं जाईल माझं."

"वाकडा तर वाकडा. तो इथेच राहणार," मुंडावळ्या सावरत सई म्हणाली. नवऱ्या मुलीच्या कपाळावर आठी पडली होती. लेकीची ती आठी रमा लहानपणापासून ओळखून होती. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

रुमाल क्रोशाचा होता, पिवळ्या दोऱ्याचा. चौकोनी म्हणून सुरू झाला असावा, पण वर जाता जाता निमुळता होत गेला होता. बाकीचं रुखवत किती देखणं! सुपारीचे भटजी, मोत्यांची सप्तपदी, तोरणं. लाडू तेवढे सईनं वळले होते, बाकी सगळं रमानं पनवेलच्या बाजारातून तयार आणलं होतं. "रुखवत मी एकटी करणार नाही," असं सईनं साखरपुड्यालाच सांगून टाकलं होतं. पोरीला नोकरीपायी वेळ नाही, असं समजून रमानं दुकान गाठलं. आणि आज सकाळी हे ध्यान सईच्या पर्समधून बाहेर पडलं होतं.

तेवढ्यात वरमाई वसुंधराबाई आल्याच. मागे त्यांच्या जावा, नणंदा आणि फेटा बांधलेला नवरा मुलगा निनाद. वसुंधराबाईंच्या कळंबोलीच्या घरात दाराच्या तोरणापासून टीव्हीवरच्या झाकणापर्यंत सगळं त्यांच्या हातचं क्रोशाचं. त्यांची नजर बाजारच्या वस्तूंवरून घसरत गेली आणि नेमकी रुमालावर थांबली. निनादचे कान लाल झाले.

वसुंधराबाईंनी रुमाल उचलून उजेडात धरला.

"प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका गाळलाय. अगदी नवशिक्याचं काम." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "विहीणबाई, हाताला वळण आईनं लावायचं असतं."

बायकांत खसखस पिकली. रमाचा चेहरा उतरला. नवऱ्यामागे एकटीनं मुलीला शिकवलं, इंजिनीअर केलं, हे लग्न उभं केलं. आणि त्या सगळ्या कष्टांची किंमत या एका रुमालावरून ठरत होती. तिला रडूच आलं. पण लग्नघरात रडायचं कसं? ती हात जोडत पुढे झाली.

"चुकलं हो आमचं, तुम्ही मनावर..."

सईनं आईचे जोडलेले हात धरले आणि खाली केले.

"तू कशाला माफी मागतेस, आई?"

सई वसुंधराबाईंकडे वळली. आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "रुखवत आम्ही दोघांनी करायचं ठरवलं होतं. लाडू मी वळले, रुमाल निनादनं विणला. मोबाइलवर बघून, माझ्यासाठी. मला तो फार आवडला. आता तुम्हीच सांगा, त्याच्या हाताला वळण कुणी लावायचं होतं?"