वाट चुकलेली आग

“निदान देवाच्या घरात तरी हातमोजे काढा, आजी,” फादर म्हणाले.

“थंडी वाजते,” फुंकरआजी म्हणाल्या. बाहेर ऊन रणरणत होते.

वेदीमागच्या खोलीत दोघेच होते. कपाटात मिस्सेच्या उपासनेचे झगे टांगलेले, हवेत मेणाचा वास कोंडलेला. फादर तरुण होते, या चर्चला नवे होते, आणि कुणाला नाही म्हणताना त्यांची नजर आपोआप जमिनीकडे जाई. आजही ती फरशीवरच खिळली होती.

रस्त्यापलीकडे काचेचा कारखाना होता. तिथल्या भट्टीवर कुणाला भाजले की माणसे आधी आजींचे दार ठोठावत. आजी भाजल्या जागेवर ओंजळ धरीत, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत आणि हलकेच फुंकर घालीत. आग उतरे. “डॉक्टर बिल देतो, आजी नुसता वारा देते,” असे म्हणून कामगार हसत. पण दवाखान्याच्या वाटेवर पहिला थांबा आजींकडेच असे. त्याच आजी रोज सकाळी मिस्सेला येत आणि पहिल्या बाकावर बसत. यात काही विपरीत आहे, असे त्यांच्या कधी मनातही आले नव्हते. फादरांच्या आले. जुने मंत्र आणि मिस्सा एका तोंडात नांदणार नाहीत, असे सांगून त्यांनी आजींना प्रसाद देणे थांबवले. तेव्हापासून आजी शेवटच्या बाकावर बसू लागल्या. तक्रार मात्र त्यांनी एका शब्दानेही केली नाही.

उद्या नातीचे पहिले कम्युनियन होते; वेदीपुढे गुडघे टेकून ती पहिल्यांदाच प्रसाद घेणार होती. “आजी, तू माझ्या शेजारी गुडघे टेकशील ना गं?” असे पोरीने विचारले होते. म्हणून आजी आल्या होत्या.

“फुंकर घालणं सोडते,” त्या म्हणाल्या. “पण नुसतं सोडलं म्हणून सुटत नाही ते. कुणाला तरी द्यावं लागतं. एकदा दुसऱ्याच्या कानात घातलं, की माझ्यापाशी उरत नाही.”

“मग मला द्या.” आपल्याशीच ते संपेल, असा फादरांनी मनाशी हिशेब केला होता. “मी पुढे कुणालाच देणार नाही.”

आजी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या गोऱ्या, लांबसडक बोटांकडे पाहत राहिल्या.

“जड आहे हो, फादर.”

“झेपेल मला.”

आजी पुढे वाकल्या आणि त्यांनी ते शब्द फादरांच्या कानात सांगितले. त्यांत येशूचे नाव नव्हते, मारियेचेही नव्हते. आगीलाच घातलेली हाक होती, शेजारणीला घालावी तशी: वाट चुकलीस बाई, हे घर तुझं नव्हे, माझ्या घरी ये. बस, एवढेच. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण एका म्हातारीला मागच्या बाकावर बसवले, याची फादरांना किंचित लाज वाटली. पण नियम तो नियम.

“उद्या पुढे बसा,” ते म्हणाले. आजींचा चेहरा उजळला. उद्याच्या मिस्सेसाठी समया घासायला त्या तिथेच थांबल्या.

दुपारची पाळी सुटायच्या आत बाहेर आरडाओरडा झाला. कारखान्यातली माणसे भट्टीवर काम करणाऱ्या आजींच्या मुलाला उचलून चर्चमध्ये घेऊन आली. वितळलेली काच त्याच्या हातावर सांडली होती. “अँब्युलन्स निघालीय,” कुणीतरी ओरडले. “तोवर आजींना बघू द्या!”

आजी धावल्या. सवयीने त्यांनी ओंजळ धरली. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांनी फुंकर घातली. ती नुसती हवा होती.

“आई, काढ गं ही आग,” मुलगा तळमळत होता. “अशी काय बघतेस? फुंक ना!”

“माझ्यापाशी नाही रे राजा आता,” आजी म्हणाल्या, आणि त्यांनी मान वर करून फादरांकडे पाहिले. “तुम्ही म्हणा, असं मी म्हणणार नाही. जड आहे, ते सांगून ठेवलंय.”

फादरांनी गुडघे टेकले. त्यांनी स्वर्गातील बापाची प्रार्थना म्हटली, पुन्हा म्हटली. मुलाने किंकाळी दाबायला सदऱ्याची बाही दातांत धरली होती. फादरांनी वेदीवरच्या क्रूसाकडे पाहिले. क्रूस हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मग त्यांनी आपले हात त्या भाजल्या हातावर धरले, डोळे मिटले आणि वाट चुकलेल्या आगीला हाक मारली.

मुलाच्या दातांतून बाही सुटली. त्याचा श्वास संथ झाला. “उतरली,” तो पुटपुटला. “आई, उतरली गं.”

त्याच क्षणी फादरांच्या तळव्यांत कुणी निखारे ठेवावेत तसे झाले. त्यांनी ओठ चावला आणि हात उलटे करून पाहिले. कातडी लालबुंद झाली होती, फोड वर येत होते. सगळी माणसे आजींच्या मुलाभोवती गोळा झाली होती. फादरांकडे एकट्या आजी पाहत होत्या.

आजींनी एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. मनगटापासून नखांपर्यंत वणावर वण चढले होते. बोटभरही जागा कोरी उरली नव्हती. त्यांनी ते मोजे हळूच फादरांच्या मांडीवर ठेवले.

“कुणी विचारलं तर थंडी वाजते म्हणायचं.”