पोटातून भांडण

गुप्ते साहेबांनी जिताडा माशाचे कल्ले बोटाने उचलून पाहिले, नाक मुरडलं आणि म्हणाले, "सहाशे."

गुणाबाईचे खांदे कानांकडे निघाले. शेजारी कोलंबी सोलत बसलेली तिची सून भावना मान वर न करताच म्हणाली, "आई, खांदं."

खांदे जागेवर आले. गुणाबाईने तोंडाशी आलेलं सगळं गिळलं, एक हात पोटावर ठेवला, डोळे मिटले आणि नाकाने श्वास घेतला. पोट हळूहळू वर आलं, लुगड्याची गाठ ताणली गेली. मग ओठांचा चंबू करून, बशीतला चहा निववावा तशी ती फुंकत राहिली. फुंकतच राहिली.

पनवेलच्या मच्छी बाजारात रविवारी सकाळी इतका वेळ कोणी गप्प बसत नाही. साहेबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बरं, सातशे."

गुणाबाई फुंकत होती.

"आठशे घ्या. पण डोळे उघडा."

तिने डोळे उघडले, जिताडा कागदात गुंडाळला आणि पैसे कमरेला खोचले. एक शब्द नाही.

हा श्वास नवीन पनवेलच्या मिताली डॉक्टरीणबाईंनी मानेचा व्यायाम म्हणून दिला होता. पाटी वाहून वाहून मान आधीच आखडलेली, त्यात दिवसभर खांदे उचलून छातीतून ओरडणं. त्यांनी तिला आरशासमोर बसवून दाखवलं होतं: बाई, तुम्ही भाव सांगता तेव्हा गळ्याच्या शिरा बघा. श्वास पोटातून घ्यायचा, खांदे खाली. खांदे वर निघाले की बोलणं थांबवून आधी श्वास. हे जमलं नाही तर दिवाळीनंतर बाजारात बसणं बंद, जागा सुनेला द्या.

भावना कामाला चांगली होती. पण ती एकच भाव सांगायची आणि गिऱ्हाईक निघालं तर त्याला जाऊ द्यायची. गुणाबाईला ते नुसतं आठवलं तरी मानेत चमक यायची.

म्हणून सकाळपासून ती फुंकत होती. आणि नवल असं, की समोरची माणसं तेवढ्या वेळात घाबरून आपणच भाव चढवत होती. मासळी भराभर खपत होती. मानही आज हलकी होती. फक्त जेवण होऊनही तोंड उपाशी राहावं, तसं काहीसं तिला वाटत होतं.

गुप्ते साहेब बर्फवाल्यापर्यंत गेले, थांबले आणि परत आले.

"गुणाबाई, माझं काही चुकलं का?"

"नाय बा."

"मागच्या रविवारी तुम्ही मला चिकट म्हणालात. त्याच्या आधीच्या रविवारी माझ्या आजोबांपर्यंत पोचलात. आज काहीच नाही."

"मान दुखतंय, सायब. डॉक्टरनीनं सांगितलंय."

"ते ठीक आहे हो. पण मी घरी काय सांगू? आमची ही दारातच विचारते, आज काय बोलली गुणाबाई. मासा मागाहून बघते."

साहेबांनी पिशवीत हात घातला, कागदाचं पुडकं काढलं आणि पाटीवर ठेवलं.

"हा घ्या परत. पैसे द्या माझे. आणि नीट भांडून विका."

गुणाबाईने सुनेकडे पाहिलं. भावनाने सासूच्या मानेकडे पाहिलं. कोलंबीचं एक टरफल तिच्या बोटाला चिकटून राहिलं होतं.

"डॉक्टरनी वरडू नको बोलली," भावना विचार करत म्हणाली. "भांडू नको असं नाय बोलली."

गुणाबाईने पैसे साहेबांच्या हातावर ठेवले. पुडकं सोडलं, जिताडा पुन्हा उताणा पाडला. हात पोटावर ठेवला. नाकाने भरपूर श्वास घेतला. खांदे तसेच खाली. आणि मग त्या एका लांब श्वासावर, जात्यावर दळण दळावं तशा संथ, खालच्या आवाजात ती बोलू लागली.

"सहाशे बोलतास, सायबा... खाडीचा जिताडा हाय, तलावातला नाय... भरतीच्या पान्यात लेक माझा उभा, तवा जाल्यात आला... लेकाच्या हातून सुनेच्या पाटीत, पाटीतून माझ्या जिवावर आला..."

श्वास संपला. तिने दुसरा घेतला. गुप्ते साहेब आदराने थांबले होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांचाही आवाज आपोआप खाली आला, जसा कुणी झोपलेल्या बाळाजवळ बोलतो.

"डोळे बघा त्याचे, गुणाबाई... किती खोल गेलेत... शिळा आहे..."

पोट वर आलं. पोट खाली गेलं.

"तुमचं बी गेलंत खोल... घरी कोन शिलं बोलतं का तुमाला?"

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि श्वास घेतला, चांगला भरपूर, पोटातून.

मागे एक माणूस केव्हाचा सुरमईकडे बोट दाखवून उभा होता. शेवटी त्याने भावनाला विचारलं, "ही कशी दिली?"

एकच भाव सांगणाऱ्या भावनाने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा जरा," ती हळूच म्हणाली. "भांडण चाललंय."