हाळावरून वळलेला कळप

झुंबरबाईनं हाळाच्या भोकातला बोळा उपसला, तोवर पहिल्या मेंढ्या बांध उतरून आल्या होत्या. विहिरीजवळचा तो जनावरांना पाणी पाजायचा लांबलचक सिमेंटचा हाळ काठोकाठ भरलेला होता. पाणी मातीत जाऊ लागलं, पण आपल्याच चालीनं. वैशाखातल्या दुपारी तहानलेल्या कळपाला जरा थांबा म्हणून कोण सांगणार?

हाळ भरला होता तिनंच. सकाळी लाइट आली की मोटार चालू करायची आणि आधी वाटेनं जाणाऱ्या कळपांसाठी हाळ भरायचा, ही त्या घरची रीत. सून होऊन आली तेव्हापासून तिचा हात न सांगता त्या बटणाकडे जायचा. आजही गेला. गोठ्यात बुळकांडीचा रोग शिरलेला, शेळ्यांच्या नाकातोंडातून गळतंय, हे डोळ्यांसमोर असताना गेला. धरणगावचा ढोरांचा डॉक्टर बजावून गेला होता, की हा रोग शेळीचा मेंढीला लागतो आणि मेंढीचा शेळीला, त्यांना एका पाण्यावर आणू नका. ती मेलेल्या शेळ्यांवर माती लोटत होती तेवढ्यात उरलेली एकुलती एक शेळी, काबरी, दावं सोडवून हाळावर गेली आणि पोटभर प्यायली. झुंबरबाई परत आली तेव्हा काठावर लाळेच्या तारा लोंबत होत्या. काबरीला तिनं खुंट्याला बांधलं, आणि मान वर केली तर समोर धुळीचा लोट.

मेंढपाळ पुना ठेलारी दर उन्हाळ्यात साक्रीकडून याच वाटेनं यायचा. बाई दोन्ही हात हलवतेय हे पाहून त्याला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. त्यानंही हसून काठी उंचावली.

"पाजू नको, पुनाभाऊ," ती ओरडली. "मन्ही बकरी पी गई आठे. रोग शे."

पुनाचं हसू गेलं. बाई बहाणा करतेय असं वाटून चेहरा रागानं तापला.

"ह्या हाळवर आजलोंग पानीले कोनी नही म्हनं नही, अक्का."

मग त्याला गोठ्यामागची ताजी माती दिसली. खुंट्याला बांधलेली काबरी दिसली, चिकटलेल्या डोळ्यांची, उघड्या तोंडानं धापा टाकणारी.

मेंढरू पाण्याच्या वासावर निघालं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे झुंबरबाईला ठाऊक होतं. म्हणूनच नंतर जे झालं त्यावर तिचा विश्वास बसेना. पुना धावत पुढे आला, हाळाकडे पाठ करून उभा राहिला आणि काठी आडवी धरून त्यानं घशातून एक लांब आवाज काढला. कळपाच्या पुढे चालणारी काळी शेळी थबकली. तिच्यामागे मेंढ्या थबकल्या. जिभा बाहेर, नाकं पाण्याकडे, आणि पाय मात्र जागच्या जागी. मग पुना गिरणा नदीच्या दिशेनं चालू लागला. पाणी आता तिथेच होतं, आणि गिरणा काही जवळ नव्हती. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. काळ्या शेळीनं त्याच्यामागे पाऊल टाकलं, आणि अंथरलेली घोंगडी कुणी एका टोकाला धरून ओढावी तसा सगळा कळप वळला.

झुंबरबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. देवळातसुद्धा तिला असं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात काबरीनं साद घातली.

काळी शेळी थांबली. तिनं कान टवकारले आणि मान मागे वळवली. तिच्याबरोबर मागच्या मेंढ्याही वळू लागल्या. ती शेळी एकदा काबरीच्या तोंडाला तोंड लावायला आली असती, तर पुनाचा सगळा कळप तिच्या पाठोपाठ आला असता.

"तिनं तोंड दाबी धर, अक्का," पुना लांबून म्हणाला.

झुंबरबाईनं बसकण मारली आणि काबरीचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट मिटलं. नाक कधीचं चोंदलेलं, जो काही श्वास येत होता तो तोंडानंच, हे तिला माहीत होतं. काबरी पाय झाडू लागली. झुंबरबाईला रडू फुटलं, पण हात सुटले नाहीत. पुनानं पुन्हा तो लांब आवाज काढला. काळी शेळी उभीच. मग हळूहळू ती वळली.

"जराशी थांब, मनी माय," झुंबरबाई काबरीच्या कानात म्हणत राहिली. कळप जात होता, जातच होता. काबरीचे पाय झाडायचे थांबले.

शेवटची कोकरं बाभळींमागे गेली तेव्हा तिनं हात काढले. काबरी तशीच पडून राहिली. मग तिची फासळी वर आली, घशात घरघर झाली, आणि आलेल्या पहिल्याच श्वासात तिनं पुन्हा साद घातली.

दुरून, धुळीतून, काळ्या शेळीचं उत्तर आलं.

झुंबरबाई हललीसुद्धा नाही. बाभळींवरचा धुळीचा लोट जागीच उभा राहिला. किती तरी वेळ उभा राहिला. मग तो गिरणेकडे सरकू लागला.