चौथा गडी

बायपासनंतर नवऱ्याचे तिन्ही गोल्फमित्र रोज हॉस्पिटलात येत. आधी डॉक्टरांच्या केबिनमध्ये अर्धा तास, मग नवऱ्यापाशी पाच मिनिटं. "सख्ख्या भावांनी फोनवर भागवलं, आणि हे बघा," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

समुद्रकाठच्या जुन्या गोल्फ मैदानांवर पंधरा दिवस खेळायला जायचा बेत नवऱ्याचाच. कुठल्या मैदानावर वारा किती वाजता पडतो, इथपर्यंत सगळं त्याने वर्षभर खपून वहीत उतरवलं होतं. पण डॉक्टरांनी कालच बजावलं, "सहा महिने प्रवासाचा विषय काढायचा नाही. पुढच्या महिन्यात मी रजेवर आहे, तपासायला दुसरे डॉक्टर येतील."

आज एका मित्राने तिच्यापुढे कागद धरला. "वहिनी, इथे सही करा. चौघं नसतील तर बुकिंगच रद्द होतं, म्हणून त्याच्या जागी दुसरा घेतलाय. आणि हो, ती वही मिळेल का?"

तिने सही केली. मग तिला नवऱ्याच्या नावावर मारलेली काट दिसली, आणि शेजारी लिहिलेलं नवं नाव. पाच दिवस ती ते केबिनच्या दारावर वाचत होती.