डावी पानं

चार महिन्यांच्या रजेनंतर कंडक्टर छाया आर्वी डेपोत मॅनेजरच्या टेबलासमोर उभी होती. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट तिनं पुढे सरकवलं.

साहेबांनी ते उचललं नाही. ड्रॉवरमधून एक अर्ज काढला. मागे सात झेरॉक्स जोडलेल्या.

"हे अक्षर तुमचंच ना, ताई?"

तिचंच होतं. 'माझ्यानं काहीच होत नाही.' 'बसमधले सगळे मलाच हसतात.' 'मी घरीच पडून राहावं, तेच बरं.'

वर्ध्याच्या समुपदेशक मॅडमनी तिला वही करायला लावली होती. मनात आपोआप येईल ते डाव्या पानावर. मग थांबून, ते कितपत खरं आहे हे तपासून, उजव्या पानावर. डावं पान घटकाभरात भरायचं. उजव्यासाठी सकाळची दुपार व्हायची. वही ती उशीच्या अभ्र्यात ठेवायची. ते एकालाच माहीत होतं.

झेरॉक्स फक्त डाव्या पानांच्या होत्या.

अर्जाखाली तिच्या नवऱ्याची, रत्नदीपची सही होती. 'पत्नी अजून बरी नाही. तिला ड्युटी देऊ नये.'

तो म्हणतो ते बरोबरच असेल, मन लगेच म्हणालं. छायानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग झेरॉक्स एकेक करून पुन्हा उलटून पाहिल्या.

"ही अर्धी वही आहे, साहेब. उद्या पूर्ण आणते. वाचा, मग ठरवा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग सर्टिफिकेट उचलून फाइलीत ठेवलं. "आणा."

गेटबाहेर रत्नदीप मोटारसायकलला टेकून उभा होता. तिचा चेहरा पाहताच त्याला कळलं.

"तुह्या भल्यासाठीच केलं मी."

"उजवी पानं नाई वाचली तुम्ही?"

"वाचली."

"सगळी?"

"सगळी." तो हँडलकडे बघत राहिला. "शेवटी तू लिहून ठेवलं, वर्ध्याले तीनदा एकटी गेली म्हून. रत्नदीप सोबत नसला तरी जमते म्हून."

"मग? तरी दिला अर्ज?"

"म्हूनच त देला."

त्यानं खिशातून रुमाल काढला. मागच्या सीटवर धूळ बसली होती. ती त्यानं नीट, कडेपर्यंत पुसली.

"बस," तो म्हणाला.

छाया उभीच राहिली.