तिकडचो टायम

"हंयचो नको. तिकडचो टायम लाव," दत्ताराम म्हणाला.

सगुणचं बोट मोटरसायकलच्या घड्याळाच्या बटणावर थांबलं. गोव्यात साखळी गावातल्या त्याच्या गॅरेजमध्ये लोक नाना तऱ्हेच्या भानगडी घेऊन येतात, पण असली मागणी कुणी केली नव्हती.

गाडी दत्तारामच्या मुलाची, निलेशची. निलेश इंग्लंडात, स्विंडनच्या एका गोदामात कामाला. गाडी पावसाळाभर पडवीत उभी राहिली आणि बॅटरी मेली. आज सगुणने नवी घातली, तर घड्याळ बारावर येऊन लुकलुकायला लागलं. जाताना निलेशनेच ते इंग्लंडच्या वेळेवर लावून दिलं होतं. "बाबा, हंय बघा आनी फोन करा," म्हणाला होता.

आता गणपतीची चवथ झाल्यापासून तो बापाचा फोन उचलत नव्हता. दत्तारामच्या मते दोष सगळा घड्याळाचा. घड्याळ बंद पडलं, म्हणून आपण भलत्या वेळी फोन करतो. पोरगा बिचारा कामात असतो, नाहीतर झोपेत. सुलोचना म्हणायची, "ज्येका उचलूचो आसा, तो निजेतसूनय उचलता." बायको खरं बोलली की दत्तारामच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"साडेचार तास मागे घे," त्याने सांगितलं.

"साडेपाच, काका." सगुण बटण दाबत राहिला. "तिकडे थंडीत घड्याळ एक तास मागे घेतत. गेल्या आयतारीच घेतल्यानी."

"ता बघ!" दत्तारामने मांडीवर थाप मारली. "आमी तासभर चुकतो! म्हणान तो उचलीत नाय!"

म्हातारा काय खूश झाला! घड्याळं मागे गेली ती गेल्या रविवारी आणि न उचललेले फोन चवथीपासूनचे, हे त्याला सांगणार कोण? घड्याळावरचे आकडे सरकताना तो लहान पोरासारखा वाकून बघत होता. बघता बघता मध्येच ताठ झाला.

"सगुणा, तुका ह्यां कोणी सांगल्यान?"

सगुण खाली बसून बॅटरीचा नट आवळायला लागला. तो मघाशीच आवळून झाला होता.

"निलेशान?"

"होय," सगुण खाली मान घालूनच म्हणाला. "सांजचो करता तो मदी मदी माका फोन."

"आनी माका कित्याक करणा नाय?"

"काका, तुमी दर खेपेक 'कदी येतलंस' म्हणान इचारतास. त्येका काय सांगूचा ता सुचणा नाय."

दत्तारामला राग येत नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. दुसरं विचारायचं तरी काय असतं पोराला, हेच त्याला कळेना. बाहेर डिचोलीची बस लागली, चार माणसं चढली, बस गेली. तो तसाच सीटवर हात ठेवून उभा.

शेवटी सगुणलाच राहवेना. त्याने फडक्याला हात पुसले, खिशातून मोबाइल काढून निलेशला फोन लावला, स्पीकर चालू केला. दत्ताराम नको म्हणेपर्यंत रिंग गेलीसुद्धा. आणि लगेच उचलला.

"बोल रे सगुणा!"

खणखणीत आवाज. हसरा. बारीक झालेला नाही की आजारी नाही. दत्ताराम चटकन पुढे झाला, त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आपला आवाज ऐकला तर हा सगुणचाही फोन उचलायचा बंद होईल, अशी त्याला भीती वाटली. त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग सगुणच्या कानाशी लागून पुटपुटला,

"जेवलो काय, इचार."

"निलेश, जेवलंस काय रे?"

पलीकडे हसू फुटलं. "मेल्या, तू कदीपासना माझ्या बापाशीसारखो इचारूक लागलंस?"